बुटांवर बसलेला

करवल्यानं काय काय करायचं असतं
हे मला कुणी नीट सांगितलंच नाही.
जिंतूरहून क्रूझर निघाली तेव्हा हणमंतमामा
पुढच्या सीटवरून ओरडला,
"बुटावर ध्यान ठेव रे! गंगाखेडच्या पोरी लई वाईट.
मागच्या लग्नात पाच हजाराला घातलं मला."
बाकीचं आपलं आपण समजून घ्यायचं.
बाशिंगाची दोरी कानामागं रुतते, ती बोटभर सैल करायची.
कट्यारीचं लिंबू घरंगळलं
तर घोड्याच्या पायात वाकून शोधायचं.

मुंजाजीच्या मायनं मात्र हळदीच्या रात्री
मला मागच्या खोलीत नेलं,
पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढली,
माझ्या आतल्या खिशात कोंबली.
"सकाळी आठ, राती आठ.
परण्या नाचत राहू दे, आठ म्हंजी आठ.
अन् तिकडच्या लोकायला..."
पुढचं ती बोलली नाही.
पिवळ्या हातानं नुसती माझ्या तोंडावरून
बोटं फिरवली.

आठवीत होतो. झेंडावंदनाची रांग, तो माझ्या पुढं.
आधी खांदा वाकडा झाला,
मग सगळा मुंजाजी फुफाट्यात.
पीटीच्या सरांनी पायातली चप्पल काढून
त्याच्या नाकाला लावली, कुणी म्हणालं कांदा आणा,
अख्खी शाळा गोल करून बघत होती.
डोळे उघडल्यावर त्यानं एवढंच विचारलं,
"चप्पल कोणाची होती?"
माझी, म्हणालो. खोटंच.
त्याला तेवढ्यानं बरं वाटलं.

त्यानंतर गाव म्हणायचं,
नावातच मुंजा, ह्याला कोण देतं पोरगी!
आणि सोयरीक जुळली तसं तेच गाव
तोंडाला कुलूप लावून वऱ्हाडात आलं.

मुहूर्त गोरज. आठाला दहा कमी,
परण्या अजून बसस्टँडपाशीच.
चुलतभाऊ डांबरावर लोळून नाचतायत,
आणि डीजेचे लाईट, हिरवे, लाल, लपलप लपलप
थेट त्याच्या डोळ्यांत.
मी गाडीवर चढलो, लायटाची वायर उपटली.
"करवला पेला का काय?"
हाव, पेलो म्हणालो.
मग घाम पुसायच्या निमित्तानं
मुंडावळ्यांआड गोळी त्याच्या जिभेवर ठेवली,
बाटलीतलं पाणी.
त्यानं माझं बोट हळूच दातात धरलं,
लहानपणी चिडवायचा तसं.

मंगलाष्टकांना सगळे उभे.
मी एकटा स्टेजमागं बसलेला, खरोखर बुटांवरच.
पाठीवर तांदूळ पडत होते.
अंतरपाट धरणारे दोघं समोर दिसत होते,
पण मी जो धरला होता
तो कितव्या कडव्याला सोडायचा असतो?
भटजी सावधान म्हणाले.
मला वाटलं, हे त्या पोरीला सांगा,
आणि मी मान खाली घातली.

मेहुण्यानं कान पिळला, फेटा घेतला.
पंगती उठल्या.
आणि नवरी, सत्वशीला, शालू सावरत
माझ्यासमोर हात पसरून उभी.
"द्या भाऊजी."
मी बूट पोटाशी धरले.
"ते राहू द्या. गोळ्या."
मला काही सुचेना.
"बघायला आले त्याच दिवशी सांगितलं त्यांनी.
सगळं. ती चप्पलसुद्धा.
माझा चहा निवून साय धरली.
आठ दिवस झोपले नाही मी, मग हो म्हणलं.
सकाळची तुम्ही देणार, का मी?"

खिशातली पट्टी निघता निघेना,
अस्तरात अडकली होती.
दोन्ही हात लागले.

तेवढ्यात गेले बूट.

सहा हजार मोजले हणमंतमामानं.
अजून सगळ्या सोयऱ्यांत सांगत फिरतो,
एकच काम दिलं होतं ह्याला.
मुंजाजी तिथंच होता, मांडवात, मोज्यांवर,
मिटक्या मारत जिलेबी खात.